न झालेल्या प्रवेशाला वन्स मोअर

बनशंकरीच्या जत्रेत त्या वर्षी सहा नाटक कंपन्यांचे तंबू लागले होते आणि दहावीतल्या नीलगंगाने सहाही बघून संपवले होते. नुसते बघितले नव्हते, सगळ्यांचा निकालही लावून टाकला होता. शाळा सुटली की ती मावशीच्या मिरची भज्यांच्या गाड्यावर पीठ कालवायला उभी राहायची, आणि गिऱ्हाइकं हातात भज्यांचा कागद धरून विचारायची, "पोरी, आज कुठलं बघू?"

मग काय, नीलगंगाला तेवढंच पाहिजे असायचं!

"पहिल्या तंबूत जाऊ नका. तिथला हिरो हिरॉइनच्या पायावर पडला की त्याला उठवायला दोन माणसं लागतात. दुसऱ्यात राजवाड्याच्या पडद्यावर छताचा पंखा रंगवलाय, आणि राजा त्याच्याखाली उभा राहून घाम पुसतो. तिसऱ्यातला व्हिलन झकास आहे, पण तो मध्यंतराच्या आधीच मरतो. पुढं बसून करायचं काय?"

"फुकट बघतेस आणि वर नावं ठेवतेस?" दानव्वामावशी झारा उगारायची. भज्यांच्या ओळखीवर सगळ्या तंबूंचे दारवाले नीलगंगाला आत सोडायचे, हे खरंच होतं.

"फुकट बघते म्हणूनच खरं बोलते. तिकीट काढलेल्या माणसाला पैसे वसूल झाल्यासारखं दाखवावं लागतं."

सगळ्यांत शेवटी, मंगळवारी संध्याकाळी, तिने चन्नवीरच्या कंपनीचं नाटक बघितलं. चन्नवीर म्हणजे कंपनीचा मालक, आणि नाटकात विनोदी कंडक्टरही तोच. पहिले दोन तास नीलगंगा जांभया मोजत होती. मग शेवटच्या अंकात म्हातारी आई आली. मुलगा सुनेवर हात उचलून घराबाहेर गेलेला असतो. तो परत येतो तर आई उंबऱ्यात उभी. ओरडत नाही, छाती पिटत नाही. भाकरी खायला बोलवावं इतक्या साध्या आवाजात ती त्याला सांगते की या घरात आता तुझं ताट नाही. दहा मिनिटं बोलते. त्या दहा मिनिटांत तंबूत कुणी शेंग फोडली नाही.

आईचं काम करणाऱ्या बाईचं नाव अंबक्का. साठीची, गुडघ्यांनी अधू. नीलगंगा घरी गेली ती हवेत चालतच. शाळेत सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. "तो आईचा प्रवेश आवडला नाही तर माझं नाव बदला!" झालं, शनिवारी दुपारच्या तीनच्या खेळाला गावच्या बावीस बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या. सगळ्यांच्या पुढं निंगव्वा. गावात तिच्या तोंडाला सरपंचसुद्धा लागत नाही.

नाटक शेवटच्या अंकात आलं. सुनेवर हात उगारला गेला. नीलगंगाने निंगव्वाचं मनगट धरलं. "आता बघा हं. आता."

आणि आली कोण? आई नव्हे. अर्धी मिशी लावून चन्नवीर आला आणि शिट्टी वाजवत नाचायला लागला. पेटी, ढोलकी, फिरते दिवे. अर्धा तंबू हातपाय मोकळे करायला बाहेर पडला.

"कुठाय गं तुझी आई?" निंगव्वाने विचारलं. मागच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

नीलगंगाचे कान तापले. ती उठून बाहेर धावली. गाड्याभोवती ही गर्दी!

"बरी आलीस, पीठ घे," मावशी म्हणाली. "कालपासून तो रडका प्रवेश काढून टाकलाय त्यानं. आता लोक गाण्याला उठतात आणि सरळ इकडं येतात. दोन घाणे जास्त निघतात बघ."

"काढला? आणि अंबक्का?"

"बसलीय मागं तांदूळ निवडत. पुढच्या मुक्कामाला तिला नेणार नाहीत म्हणे. आता उरलेल्या एका वाक्यासाठी कोण सांभाळतंय म्हातारीला?"

"मावशी, हे चांगलं नाटक मोडणं झालं!"

"तू गप बस. त्यानं तुझं फुकट येणं बंद केलं तर रडत येशील माझ्याकडं. पीठ घे म्हटलं ना?"

नीलगंगाने पीठ घेतलं नाही. ती आत परत आली तेव्हा गाणं संपत होतं. टाळ्या पडल्या. ती सरळ खुर्चीवर चढली आणि पोटापासून ओरडली, "वन्स मोअर!"

चन्नवीर खुलला. छातीवर हात ठेवून वाकला, पेटीवाल्याला खूण केली.

"तुमच्या गाण्याला नाही! आईच्या प्रवेशाला!"

पेटी अर्ध्या सुरावर थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. चन्नवीरनेही हसून घेतलं. वीस वर्षं स्टेजवर काढलेला गडी, असल्या आरोळ्या त्यानं किती पचवल्या असतील! "अगं बाळे, जो प्रवेश झालाच नाही त्याला वन्स मोअर कसला?"

"झालाय! मंगळवारी झालाय. तेव्हाच ओरडणार होते, पण रडत होते म्हणून राहिलं. राहिलेला वन्स मोअर आज घेतेय."

आता हशा आला तो तिच्या बाजूने. चन्नवीर पुढं आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भजीवालीची ना तू? उतर खाली. उद्यापासून दारात दिसलीस तर बघ."

"नका सोडू. तिकीट काढून येईन आणि तिकीट काढून ओरडेन."

"अगं, लोक जत्रेला मजा करायला येतात! रडायला येतं का कुणी?"

"आम्ही आलोय!" निंगव्वा पदर खोचून उभी राहिली. "बावीस जणी. ट्रॉलीत हाडं खिळखिळी करून आलोय, तुझी अर्धी मिशी बघायला नाही. वन्स मोअर!"

मग बावीस जणी ओरडल्या, मग त्यांच्या मागचे, मग काय भानगड आहे ते माहीत नसलेलेसुद्धा. बाहेर गेलेले लोक हातात भजी घेऊन आत पळत आले. चन्नवीर दोन्ही हात वर करून काहीतरी बोलत होता, पण त्याची नुसती मिशी हलताना दिसत होती.

तेवढ्यात मागचा पडदा बाजूला सारून अंबक्का आली. तोंड धुतलेलं, साडी घरातली, बोटांना तांदळाची पांढरी पूड. ती चन्नवीरला म्हणाली, "अण्णा, जरा सरक." तो सरकला.

मुलाचं काम करणारा नट धावत येऊन उभा राहिला आणि अंबक्काने सुरुवात केली. नीलगंगा खुर्चीवरून उतरायचं विसरली. मागून कुणी तिला खाली ओढलंही नाही. निंगव्वा, जिच्या डोळ्यांत गावाने कधी पाणी बघितलं नव्हतं, ती नाक ओढत होती आणि शेजारणीला म्हणत होती, "धूर येतोय कुठनं तरी." दानव्वामावशी गाडा सोडून तंबूच्या दारात आली होती, कारण तिच्याकडं एकही गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

प्रवेश संपला. टाळ्या पडल्या त्या अशा की वरचं कापड थरथरलं.

खेळ सुटल्यावर अंबक्का लंगडत बायकांच्या घोळक्यापाशी आली. चन्नवीर तिच्या मागं, मिशी खिशात घालून. "कोण ती ओरडणारी?" अंबक्काने विचारलं. बायकांनी नीलगंगाला पुढं ढकललं. "मग, कसं झालं गं?"

सगळ्या वाट बघत होत्या. मावशीने मागून दंडाला चिमटा काढला. छान झालं म्हण आणि पाया पड, असा त्या चिमट्याचा अर्थ.

"मंगळवारी जास्त चांगलं झालं होतं," नीलगंगा म्हणाली.

"अगं ए!" मावशी किंचाळली. चन्नवीरला भलताच आनंद झाला. "बघा! हिच्यासाठी खेळ अडवला आपण!"

अंबक्काने त्याला हातानेच थांबवलं. "कुठं कमी पडलं?"

"'तुझं ताट नाही' म्हणताना तुम्ही आज मुलाकडं बघितलंत. मंगळवारी सुनेकडं बघितलं होतंत. त्यानंच तर रडू आलं होतं मला."

अंबक्काने मान डोलावली. "खरं आहे. पण सुनेचं काम करणारी पोरगी कपडे बदलायला निघून गेली होती. स्टेजवर सूनच नव्हती. बघू कुणाकडं?"

"समोर बघायचं ना," नीलगंगा म्हणाली. "बावीस सुना बसल्या होत्या की."

निंगव्वाने पदराने तोंड झाकलं. अंबक्काने एकेका बाईकडे नीट बघून घेतलं, जणू जागा ठरवत होती, आणि मागं न वळताच म्हणाली, "चन्नवीर, उद्या ते गाण्याचे फिरते दिवे बाहेर ठेव. मला समोरचे चेहरे दिसले पाहिजेत."