ड्रायव्हरमागची सीट

"मामी तुमच्याकडे आल्यात ना?" यात्रेतल्या मास्तरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मामा गाडीच्या पुढच्या काचेवरची धूळ पुसत होते.

"माझ्याकडे कशी येईल? तुमच्याबरोबर देवळात गेली होती ना?"

"चपला घालायला वाकले, वर बघते तर नाहीत. म्हटलं, गाडीकडे आल्या असतील."

मामांच्या हातातलं फडकं काचेवरच थबकलं.

मामांची उभी हयात यात्रा कंपनीच्या गाडीवर गेली होती. प्रवासी त्यांना मामा म्हणत, म्हणून त्यांची बायको मामी. समुद्राकाठची देवळं, वाळवंटातली समाधी, जंगलातली लेणी, हे डोंगरमाथ्यावरचं सरोवर. लोकांना त्यांनी सगळीकडे फिरवून आणलं. मामी मात्र घरीच. "एकदा मलाही न्या की," त्या म्हणायच्या आणि मामा म्हणायचे, "पुढच्या खेपेला."

ती खेप आली, ती अशी. मामी विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस बंद करणं. काही दिवस लेकीनं सांभाळलं. पण तिच्याकडे तान्हं मूल. एका दुपारी मामींनी बाळाला उचलून जिन्यात नेऊन ठेवलं आणि विसरून गेल्या. लेक रडत म्हणाली, "बाबा, आई मला जड नाहीये हो. पण मला आता भीती वाटते."

मग मामांनी साहेबाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवून ड्रायव्हरमागची सीट मागून घेतली. साहेब म्हणजे टूर मॅनेजर, मामांच्या लेकीच्या वयाचा. माणूस वाईट नव्हता. "एवढी एक ट्रिप," तो म्हणाला होता. "पण तक्रार आली तर माझेही हात बांधलेले आहेत, मामा."

समुद्र बघून मामी म्हणाल्या, "अहो, केवढं पाणी!" वाळवंटात म्हणाल्या, "अहो, केवढी माती सांडलीय, झाडणार कोण?" अख्खी गाडी हसली होती. मामाही हसले होते. पण त्याच मुक्कामी मामी एका नवऱ्या-बायकोच्या खोलीत शिरल्या आणि त्यांच्या पलंगावर खुशाल आडव्या झाल्या. तक्रार झाली.

आणि आता हे.

मामा देवळाकडे धावले. पायऱ्या, दुकानांची रांग, पाण्याचे नळ. "हिरवी साडी, पांढरे केस, बारीक अंगाची बाई पाहिली का?" लोक नाही म्हणायचे आणि फोटो काढायला वळायचे. मागून साहेब आला, धापा टाकत.

"मामा, अंधारायच्या आत घाट उतरायला हवा. नंतर पायथ्याचं फाटक बंद होतं. गाडीत म्हातारी माणसं आहेत, वर थंडी सोसणार नाही त्यांना. पोलिसांना सांगून ठेवतो, तुम्ही गाडी काढा."

"तिला टाकून?"

"मी असं म्हणत नाही."

"मग काय म्हणताय?"

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. घाटात गाडी घालणारा दुसरा कोणी तिथं नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"थोडा वेळ द्या," मामा म्हणाले. "हात जोडतो."

ते सरोवराच्या काठाला आले. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून डोळे मिटून प्रार्थना करत होती. त्यांच्या पलीकडे पाणी काळंशार, गप्प. मामा बघत राहिले. इथंच गेली असेल तर? सुटली असेल. आणि त्या विचाराला चिकटून दुसरा आला, की आपणही सुटलो. ते ओल्या पायरीवर मटकन बसले. इतक्या लोकांना त्यांनी या पाण्यापर्यंत आणलं, पण स्वतःसाठी इथं कधी काही मागितलं नव्हतं. आता मागायला गेले तर काय मागावं, तेच कळेना.

"मामा!" वरून मास्तरीणबाई हाका मारत होत्या. "सापडल्या, चला."

गाड्यांच्या रांगेत अगदी शेवटी दुसऱ्याच कंपनीची बस उभी होती. मामी त्या बसमध्ये ड्रायव्हरमागच्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या. तिथला ड्रायव्हर दारात उभा होता.

"मघापासून बसल्यात," तो म्हणाला. "म्हणतात, आमचे हे गाडी चालवतात, येतीलच. उतरवायला जीव होईना, म्हणून थांबलोय."

मामा आत चढले. "चल गं. उशीर झालाय."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"अगं, मी."

"मी परक्या माणसाबरोबर येणार नाही. हे रागावतील."

शेवटी मास्तरीणबाई पुढं झाल्या. "मामी, मामांनीच निरोप पाठवलाय. ते त्या गाडीत आहेत." तशा मामी लगेच उठल्या.

फाटक बंद व्हायच्या जरा आधी गाडी पायथ्याला लागली. लॉजसमोर साहेबानं मामांना बाजूला घेतलं. "ऑफिसनं दुसरा ड्रायव्हर पाठवलाय, मामा. उद्यापासून तो नेईल. मी खूप सांगून बघितलं." मामांनी मान हलवली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

सकाळी ते दोघं गावाकडच्या सरकारी बसमध्ये मागच्या बाकावर बसले. मामी खिडकीशी अंग चोरून बसल्या, मध्ये हातभर जागा सोडून तिथं त्यांनी पिशवी ठेवली. बस सुटल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी अदबीनं विचारलं, "तुम्ही कुठपर्यंत?"

मामांनी समोर बघतच उत्तर दिलं. "तुम्ही जाल तिथपर्यंत."

"बरं झालं. तेवढीच सोबत."

वळणावर पिशवी कलंडली. मामांनी ती उचलून आपल्या मांडीवर घेतली. मधली जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली.