सड्यावरची बुजवलेली विहीर

बकुळा रत्नागिरीच्या बांधकाम कचेरीत ट्रेसर होती. नकाशावर पारदर्शक कागद ताणायचा आणि रेघा शाईनं उतरवायच्या, हे तिचं काम. १९८३च्या फेब्रुवारीत आरे-वारेकडचा रस्ता रुंद करायचा म्हणून इंग्रजांच्या वेळचा एक नकाशा तिच्या टेबलावर आला. तिनं आधी आपली खारवीवाडी शोधली. आज वाडी आहे त्या किनाऱ्यावर ती नव्हतीच. तिथं नुसती वाळू. वाडीचं नाव होतं वर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, सड्यावर. नावाखाली घरांचे अठरा लाल ठिपके आणि मधोमध विहिरीचं निळं वर्तुळ.

त्या दिवशी तिच्या हातून दोन रेघा चुकल्या. वाडीतला झरा शिमग्यापर्यंत आटायचा. मग बायका शेजारच्या गावात जाऊन, चार शब्द ऐकून पाणी आणायच्या. आणि इथं डोक्यावर विहीर?

रविवारी ती एकटीच सड्यावर चढली. उन्हात दोन तास हिंडली. करवंदीच्या जाळ्यांत घरांची जोती सापडली, आणि पुढं दगडांनी काठोकाठ भरलेलं एक गोल तोंड. कुणीतरी मुद्दाम भरलेलं.

घरी येऊन तिनं आईला, गुणवंतीला, सांगितलं. गुणवंती या वाडीत लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, "मला काय ठावं? मोरूआजाला इचार. सत्तरीच्या पुढचा तोच एक हाय."

मोरूआजा घरापुढच्या खळ्यात जाळं विणत होता. बकुळाचं बोलणं ऐकून त्याचा हात थांबला.

"वर कोण ऱ्हात नव्हतं. आपली वाडी पयल्यापासनं खालीच."

"नकाशात आहे, आजा."

"मग नकाशा चुकला आसंल! जा गो तू."

पुढचे चार दिवस म्हातारा होडीकडं फिरकला नाही. वाळूवरून इकडून तिकडं चालत राहायचा, मधेच थांबून वर सड्याकडं बघायचा. बकुळालाही झोप लागेना. आपण उगाच काहीतरी उकरलं, असं तिला वाटत होतं, आणि तरी गप्प बसवत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मोरूआजा कचेरीचा जिना चढून आला. एसटीनं, एकटाच.

"दाव," तो म्हणाला.

तिनं नकाशा पसरला. त्याला वाचता येत नव्हतं. समुद्र कुठं, खाडी कुठं, एवढं तिनं सांगितलं, तसं त्याचं बोट आपणहून वर सरकलं आणि विहिरीजवळच्या ठिपक्यावर थांबलं.

"ह्यो आमचा."

मग तो तिथंच, टेबलाशी उभा राहून बोलला. १९१८ साली मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घरटी दोघं-तिघं गेली. त्याची आई तापानं भाजत होती, पाणी पाणी करत होती. द्यायला कुणी उठू शकत नव्हतं. भर दुपारी ती स्वतःच उठून विहिरीवर गेली आणि आत पडली.

"काढायची ताकद कोनात व्हती? चार बापये उबे व्हते, तेबी तापलेले. म्हनाले, पानी बाटलं, आता हितं ऱ्हायाचं न्हाय. परत्येकानं दगड टाका आनि खाली चला. मीबी टाकला." त्याचं बोट अजून ठिपक्यावरच होतं. "ती मेली व्हती का गो? कोनी वाकून बघितलं न्हाय."

"राहू दे, आजा," बकुळा कशीबशी म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही. विहीर तशीच राहू दे."

"आता कशी ऱ्हाईल?" तो म्हणाला.

शिमग्याला मुंबईत कामाला असलेले वाडीतले बापये गावी आले. ग्रामदेवतेची पालखी नाचवून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरूआजानं त्यांना स्वतः सड्यावर नेलं आणि पहिला दगड त्यानंच उचलला. काही म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली. काम आठ दिवस चाललं. एकेक टोपली वर आली की म्हातारा उठायचा, दगड हातानं चाळायचा, पुन्हा बसायचा. आठव्या दिवशी तळाशी थोडी हाडं आणि हिरव्या काकणांचे तुकडे मिळाले. मोरूआजानं ती धोतराच्या सोग्यात बांधली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि होडीतून लांब जाऊन समुद्रात सोडली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी झरे मोकळे होऊन पाणी चढलं. आधी गढूळ, मग निवळ. पाणी दोनदा उपसून टाकलं, चुना घातला. चैत्र संपायच्या आत वाडीतल्या बायका तिथं कळश्या भरू लागल्या, बोटं मोडणाऱ्याही.

मोरूआजा रोज सकाळी काठी टेकत वर यायचा, पण पाण्याला शिवायचा नाही. काठापासून लांब बसून बायकांवर ओरडायचा, "वाकू नका! मागं सरा!" मे महिन्यात त्यानं पोरांकरवी जांभ्या दगडाचे चिरे आणवले आणि विहिरीला कमरेएवढा कठडा बांधायला घेतला. पावसाआधी तो पुरा व्हायला हवा होता, म्हणून रविवारी बकुळाही त्याच्या हाताखाली चिरे द्यायला जायची.