फौजेतल्या पोरीचं बीपी

लष्करी दवाखान्यातली नर्स, कॅप्टन नूतन, आठ दिवसांच्या रजेवर सोनगीरला आली तेव्हा हायवेवरच्या ट्रकांनी तासभर हॉर्न वाजवला नाही, असं तिचा बाप वना नाना शपथेवर सांगायचा. तिच्या धाकानं ताप अख्खी पलटण सोडून पळतो, हेही त्याचंच.

रजा मात्र ओट्यावरच संपली. सकाळपासून रांग. कोणाचा गुडघा, कोणाची छाती. नूतन हसून ऐकायची, दंडाला बीपीचा पट्टा बांधायची. वॉर्डातही तेच होतं. पाय गेलेल्या पोरांसमोर हसायचं, फोनवर त्यांच्या आयांना धीर द्यायचा, वर लागोपाठ रात्रपाळ्या. वर्षभर तिची स्वतःची मान आखडलेली, खाल्लेलं जळजळत वर येणारं, डोकं मागून ठणकणारं. हे घरी आज सांगायचंच होतं. उद्या गाडी होती.

रांगेतली शेजारची भिकुबाई पट्टा बांधू देईना. "पहिले तू बांध वं. माले तुना मशीनवर भरोसा नही."

नूतननं स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा आला एकशेऐंशी, खाली एकशेबारा.

ओट्यावरचे सगळे आकड्यावर वाकले. मग भिकुबाईच म्हणाली, "देखा! मशीन बिघडनं. फौजनी पोरले कुठे बीपी व्हस का?"

नाना खदखदून हसला, मग सगळेच हसले. नूतननं सांगायला तोंड उघडलं, तर हसूच बाहेर पडलं.

नाना मशीन घेऊन तडक धुळ्याला, चंदन दुरुस्तीवाल्याकडे. दुपारी परतला तो गर्जतच. "चंदननी सोताले लावं, एकशेवीस! मशीन सोनं शे. सकाळले उन्हमा तपेल व्हई!"

आई कुंदाबाईनं हाताचं पीठ झटकलं आणि पोरीला आत ओढलं.

"कवयपाईन शे हाई?"

"वरीस व्हयनं."

"मंग रजा वाढाव."

नूतनच्या तोंडी सरकारी कागदांची मराठी आली. "कारण लिहावं लागतं, आई. लिहिलं की मेडिकल बोर्ड बसतो. तब्येतीची श्रेणी खाली, बढती अडकली. आणि वॉर्डात आम्ही तिघीच. माझी ड्युटी त्या दोघींच्या डोक्यावर."

"तुना बापले सांगू?"

बाहेर नाना कापडण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगत होता, "मनी नूतन पुढला वर्षी मेजर!"

"नको," नूतन म्हणाली, आणि ओट्यावर येऊन भिकुबाईच्या दंडाला पट्टा बांधला.

"मीठ कमी करा, अक्का."

"तुना हात कितला थंडा शे वं!"

"पट्टा ढिला आहे, हलू नका," नूतन म्हणाली. तोवर नानानं पुढच्याला बसवलंही होतं.