उभी गाडी

काटेवाल्यांनी चावी फिरवली, दुचाकीच्या हँडलवरचं यंत्र उजळलं. चावी काढली, यंत्र विझलं. असं तीनदा करून कमरेवर हात ठेवून ते बायकोकडे वळले. आता कौतुक होणार, याची त्यांना खात्रीच होती.

"बंद का झालं?" तिने विचारलं.

"चावी काढली म्हणून. तेच तर करायचं होतं."

"मला बंद झालेलं नको. डायरेक्ट बॅटरीला जोडा."

सकाळपासूनचे दोन तास काटेवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेले. बाजूचं कव्हर काढताना एक स्क्रू गटारात गेला होता. चावी फिरवल्यावरच करंट येणारी वायर शोधायला टेस्टर घेऊन पाऊण तास अंगणात कुशीवर लोळावं लागलं होतं, कारण गाडीत एकाच रंगाच्या चार वायरी निघाल्या होत्या. शेवटी ती सापडली, जोडली, वर टेप गुंडाळली. आणि आता ही टॉर्च धरल्या धरल्या सांगत होती, सगळं सोडा. दुकानांतले, गिरण्यांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रॅमभर चूक त्यांना खपत नसे, आणि कामात कुणी शहाणपण शिकवलेलं तर मुळीच नाही.

"अगं, डायरेक्ट जोडलं तर ते रात्रंदिवस बॅटरी पीत बसेल. दोन दिवस गाडी उभी राहिली की तिसऱ्या दिवशी किक मारून मारून गुडघा जाईल."

"जाऊ दे."

"काय, माझा गुडघा?"

"बॅटरी हो."

यंत्र लेकीने पाठवलं होतं. त्यात रस्ता दिसे, आणि गाडी कुठे आहे ते इकडे बायकोच्या फोनवर कळे. काटेवाल्यांना यातलं काहीच नको होतं. आसपासच्या चाळीस गावांचे रस्ते त्यांना तोंडपाठ होते. पण मायलेकी एक झाल्या की त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार? निदान वायर तरी आपल्या मनासारखी जोडायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं, आणि आता तेही हातचं जात होतं.

"गाडी चालू असताना दिसेल की तुला सगळं," ते आवाज चढवत म्हणाले. "उभ्या गाडीत काय बघायचंय? उभी गाडी उभीच असते!"

"चालत्या गाडीची मला काळजी नाही. उभ्या गाडीचीच आहे."

त्यांनी पक्कड फरशीवर आपटली. "कोड्यात बोलू नकोस."

"गेल्या महिन्यात पंक्चर झालं म्हणालात." तिने टॉर्च बंद केला. "पंक्चर काढून आलेल्या माणसाचे हात काळे असतात. तुमचे स्वच्छ होते. पाठीला मात्र गवत चिकटलं होतं, पार कॉलरपर्यंत. मीच बसून काढलं ते शर्टावरून."

त्या दिवशी एका गिरणीपुढच्या उतारावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली होती, स्टँडवर लावली होती, सवयीने चावीही खिशात टाकली होती. पुढचं काही आठवत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा ऊन कललं होतं आणि एक कुत्रं त्यांचा बूट हुंगत होतं. हे लेकीला कळलं तर गाडी गेली, गाडी गेली की काटे गेले, आणि मग दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वजनं नजरेने करायची. त्या भीतीपोटी त्यांनी पंक्चर रचलं होतं. बायकोला ते पटलं, या समाधानात महिनाभर ते निवांत जेवले होते. त्याचीच आता त्यांना जास्त लाज वाटली.

"लेकीला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर यंत्र आलं नसतं. गाडीला गिऱ्हाईक आलं असतं."

ते बराच वेळ टेपचं टोक नखाने शोधत राहिले. स्वतःच गुंडाळलेली टेप, पण सुटता सुटेना. शेवटी दातांनी ओढली. जोड उघडला, लाल वायर सीटखालून बॅटरीपर्यंत नेली, मध्ये फ्यूज घातला, बोल्ट आवळला. तोंडाने शिव्या चालूच होत्या: वायरीला, स्क्रूला, ज्याने कुणी एकाच रंगाच्या चार वायरी दिल्या त्याला. तिने टॉर्च पुन्हा लावला होता, आणि या खेपेला तो हवा तिथे धरला होता.

चावी लावून त्यांनी गाडी सुरू केली, बंद केली. यंत्र चालूच राहिलं. तिने फोन पाहिला.

"घरी दाखवतंय."

"दाखवणारच. घरीच आहे."

कव्हर लावायला ते पुन्हा खाली बसले, पण लावेनात. बॅटरीकडे बघतच म्हणाले, "ती दुसरी वेळ होती."

 तिने फोन कनवटीला खोचला. मग हात पुढे करून तिने गाडीची चावी काढून घेतली.

"छान बसवलंत," ती म्हणाली, आणि चावी घेऊन आत गेली.