अब्बांच्या जिभेची परीक्षा

बेदाण्याचा दाणा जिभेवर ठेवायचा आणि तो यंदाचा की कोल्ड स्टोरेजमधला गेल्या सालचा, ते सांगायचं. आमच्या अब्बांचा, म्हणजे मौला बागवानांचा, सगळा व्यापार या जिभेवर उभा. अख्ख्या तासगावात त्यांच्या शब्दावर माल उचलला जातो. पण थंडीत ताप आला आणि त्यानंतर त्यांना चहासुद्धा गरम पाण्यासारखा लागायला लागला. दोनदा खरेदी फसली. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "जीभ गेली असंल तर दुकान यासीनकडं देतो. लोकांना फसवायचं न्हाई."

यासीन माझा चुलतभाऊ, गुणी पोरगा. पण दुकान सुटलं की अब्बा खाटेवर बसून भिंत बघत राहणार, हे मला दिसत होतं.

मी "असंल तर" एवढंच धरून ठेवलं. साताऱ्यात संख्याशास्त्र शिकते आणि सुट्टीला आले की घरच्यांना त्याचा जाच करते. अब्बांच्या डोळ्यांवर त्यांचाच रुमाल बांधला. नाणं उडवायचं, छापा पडला तर वाटीत यंदाचा बेदाणा, काटा पडला तर जुना. शेजारी अम्मी होतीच. आमच्या घरात कुणी एकट्यानं खात नाही, एका थाळीत जेवायची सवय. त्यामुळे अब्बांच्या वाटीत तिचाही हात जात होता, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या चार वाट्या बरोबर आल्या.

"झालं की. पास," अब्बा म्हणाले.

"एवढ्यावर यासीनचं बोकड बी पास हुईल कवातरी."

मी त्यांना समजावलं. नुसतं बरोबर येऊन भागत नाही. अशी उत्तरं जाणकाराकडून यायचा संभव किती आणि अंदाजपंचे ठोकणाऱ्याकडून किती, हे शेजारी शेजारी मांडून बघायचं. वाट्या कमी असल्या तर परीक्षा दुबळी. चांगली जीभ तिला ओळखता येत नाही, गेलेलीही पकडता येत नाही.

"मग घाल अजून," अब्बा म्हणाले.

घातल्या. एकही चुकली नाही. हिशेब केला तर पारडं जाणकाराकडे हजारो पटींनी झुकलेलं. मी आनंदानं अम्मीच्या गळ्यात पडले.

अब्बांनी रुमाल सोडलाच नाही. "अल्फिया, तुझ्या अम्मीला च्या करायला लाव. आन् मग परत घे."

अम्मी आत गेली. मी परत वाट्या मांडल्या. निम्म्या चुकल्या.

"मला काय बी लागत न्हाई गं," अब्बा शांतपणे म्हणाले. "ती खाती, ते ऐकत हुतो. दाणा चांगला असला का तिचा हात परत वाटीत जातो, बांगड्या वाजत्यात. जुना असला का एकावरच थांबती."

परीक्षेत ताकद होती, फक्त ती भलत्याच माणसाला तपासत होती. मला स्वतःचा राग आला आणि त्या दोघांवर माया आली. अम्मी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मेहरुन," अब्बा म्हणाले, "सोमवारी बाजारात बेदाण्याच्या सौद्याला येशील?"

"आवं, तितं बायका कुटं असत्यात?"

"मग मी बी जात न्हाई. यासीनला किल्ली देतो."

अम्मीनं चहा खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांवरचा रुमाल हळूच सोडला, घडी करून त्यांच्या खिशात घातला.

"सकाळी लवकर निघाया लागंल," ती म्हणाली. "आन् मी तुमच्या मागं उभी ऱ्हाणार न्हाई. शेजारी बसणार."