अजगराचा श्वास

मेव्हण्याचं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले, तरी घुमेकाकांनी उत्तर दिलं नव्हतं. घुमे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, बोलायची वेळ फारशी आलीच नाही, म्हणून शेजाऱ्यांनी चिकटवलेलं ते नाव.

मेव्हणा सिनेमांसाठी आवाज तयार करायचा. पावलांचे, दारांचे, वादळांचे. त्याने लिहिलं होतं, ‘भावोजी, आमचा तो जुना अजगराचा सिनेमा पुन्हा लागतोय, तुमच्याकडेही येईल. एकदा बघा. त्यात ताईचं काहीतरी आहे. यानंतर नवी प्रत निघेल आणि तिला आवाजही नवे घालतील. जुनं राहू द्यायचं असेल तर कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन.’

ताईचं म्हणजे एखादी शाल दिली असेल नटीला पांघरायला, असं म्हणून काकांनी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. पण बायको गेल्यापासून घरात तिच्या वस्तूही एकेक करून कमी होत चालल्या होत्या. शाल तर शाल, असं म्हणत शेवटी ते दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमा यथातथाच. घनदाट जंगल, गढूळ नदी, हरवलेले शिकारी आणि ओंडक्याएवढा जाड अजगर. रबराचा, हे आंधळ्यालाही कळावं. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं खिदळत होती.

“अरे, त्याच्या पोटाला शिवण दिसतेय बघ.”

“शिंप्याने घाई केली असेल.”

मग पडदा काळा झाला आणि अंधारात अजगर श्वास घेऊ लागला. आत जाताना बारीक शीळ, मध्ये एक अडकलेला आवंढा, बाहेर येताना छातीच्या तळातून खरखर. पोरं एकदम गप्प झाली. सगळ्या थिएटरच्या अंगावर काटा आला असेल. काकांनी मात्र तो ओळखला. हा श्वास त्यांनी तीस वर्षं उशाशी बसून ऐकला होता.

तिला दमा होता आणि तिला त्याची भयंकर लाज वाटायची. धाप लागली की पहिले शब्द हेच, “अहो, आधी खिडकी लावा.” खिडक्या लावायच्या, दार लावायचं, कुणी आलं तर बाहेरच्या बाहेर कटवायचं. लग्नकार्यांना नाही म्हणायचं ते काकांनीच. “यांना माणसांत यायला नको असतं,” असं ती हसून सांगायची, आणि ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. माणूसघाणा, तुसडा, घुम्या. तिचं झाकण्यासाठी त्यांनी हे सगळं अंगाला लावून घेतलं होतं.

ते अर्ध्यातूनच उठले.

“आजोबा, घाबरलात काय?” मागून एकाने विचारलं.

घरी येऊन त्यांनी कागद ओढला. माहेरी राहायला गेली असताना तिला धाप लागली असणार आणि या बेट्याने पलंगाखाली आवाज टिपायचं यंत्र ठेवलं असणार. ‘तू माझ्या बायकोचं दुखणं चोरलंस. सगळं पुसून टाक.’ पाकिटावर पत्ताही घातला. पण तपासल्याशिवाय कागद हातावेगळा करायची सवय नव्हती. शेवटपर्यंत ऐकलंय कुठे आपण?

दुसऱ्या दिवशी तिकीट फाडणाऱ्याने त्यांना ओळखलं. “काल पळालात ना, काका? आज कुणाला घेऊन यायचं सोबतीला.”

या वेळी ते डोळे मिटून बसले. श्वास आला, गेला, पुन्हा आला. अजगराने शिकाऱ्याला पायापासून गिळलं आणि गिळून झाल्यावर त्या रबरी जबड्यातून नाकात दाबलेली एक उचकी निसटली, आणि लगेच तुटली.

“ढेकर दिली रे!” पोरं हसली.

ती ढेकर नव्हती. हसू दाबताना ती ओठ घट्ट मिटायची आणि ते असंच नाकातून फुटायचं. म्हणजे धाप लागलेलीच नव्हती. ती आपल्या पायांनी ध्वनिमुद्रणाला गेली होती, भावासमोर उभी राहून तिने आपल्या दम्याची नक्कल केली होती, आणि शेवटी तिला हसू आवरलं नव्हतं.

त्यांना हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हाची संध्याकाळ आठवली. भावाबरोबर सिनेमा बघून ती आली होती, डोळे लाल.

“काय झालं?”

“काही नाही हो, थंडी बाधली. तुम्हाला नसता आवडला. रबराचा साप. तुम्ही चुका काढत बसला असता.”

मग खोकत म्हणाली, “खिडकी लावा ना जरा.” आणि त्यांनी लावली होती.

मेव्हण्यावरचा राग एव्हाना कुठल्या कुठे गेला होता. तो निदान चोर तरी नव्हता. पण ज्या श्वासाची त्यांनी एवढी राखण केली, तो तिने गावोगावच्या अंधारात मोकळा सोडला होता आणि राखणदाराला तेवढं सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही. बंद खिडकीआड दोघं आहेत असं ते समजत होते. आत खरे ते एकटेच होते.

पहिला कागद त्यांनी फाडला. पुसायला सांगितलं तर तिचं हसू आता कुठेच उरणार नव्हतं, कारण या घरात तरी ते नाकात दाबल्यापलीकडे कधी मोकळं फुटलंच नव्हतं. त्यांनी दुसरा कागद ओढला. मग लिहिलं,

‘पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. सिनेमा पाहिला. आवाज आहे तोच राहू दे. शेवटी तिचं हसू तुम्ही कापलं आहे, ते सापडलं तर पूर्ण लावा. नावांच्या पाटीवर अजगराचा श्वास म्हणून तिचं नाव घाला. माहेरचं. माझं लावू नका, मला यातलं काही माहीत नव्हतं.’

त्यांनी मजकूर दोनदा वाचला. चूक सापडली नाही. कोपऱ्यावरच्या पेटीशी जाऊन पाकीट आत सोडलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.