बिनरेघेचा सात

सातचा आकडा, पोटात आडवी रेघ असलेला.

माळ्यावर कॉफीचा डबा.

बर्चच्या लाकडाचे दोन तुकडे, दातांत दात अडकवून जोडलेले.

जळक्या न्हाणीचा वास.

मित्रांनो, या सगळ्याची मिळून मी झाले. मी फिनलंडमधली एक जुनी लष्करी रायफल. माझे धड रशियातले, नळी इथली आणि दस्ता दोन मोडक्या दस्त्यांचा. लष्कराच्या शस्त्रदुरुस्ती डेपोत प्रत्येक परक्या भागावरचा जुना आकडा एका रेघेने खोडला आणि शेजारी माझा ठोकला, ४७१७. खोडलेला आकडा आजही वाचता येतो. म्हणून मला माझ्या ठिगळांची कधी लाज वाटली नाही.

युद्ध संपल्यावर माझ्या आताच्या मालकाच्या, एस्कोच्या, वडिलांनी मला घरी आणले. तीस वर्षे मी त्यांच्यासोबत जंगलात गेले, मूस हरणे मारली, कौतुक ऐकले. मग बारा वर्षे खुंटीवर. एस्को मला तेल लावायचा, पण चालवायचा नाही.

त्या ऑगस्टमध्ये त्याच्या लेकीने, सौलिक्कीने, मला खाली काढले. शिकारी मंडळींत जायचे तर चार गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. एस्को सकाळपासून सांगत होता, नेमाची माशी वाकडी आहे, खांदा दुखेल, दुसऱ्या कुणाची घे.

"आजोबांची बंदूक फक्त खुंटीच्या शोभेला का, बाबा?" एवढे बोलून ती गाडीत बसली.

मैदानावर परीक्षा घेणारा वाल्तो प्रत्येक बंदूक तपासत होता. त्याचा उभा जन्म लष्करी डेपोत गेलेला. त्याचा अंगठा माझ्या धडावरून, नळीवरून फिरला आणि काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या बोल्टवर थांबला. सौलिक्कीच्या मुठीत चार काडतुसे होती.

"सगळे आकडे जुळतायत ना, वाल्तोकाका?"

"जरा जास्तच जुळतायत."

माझ्या प्रत्येक सातच्या पोटात रेघ आहे. बोल्टवरच्या सातांना नव्हती. खोडलेला जुना आकडाही नव्हता. तिथे कानस फिरवल्याचा खळगा होता.

मला सारे ठाऊक होते, पण मला तोंड नाही. परका बोल्ट सैल बसला तर काडतूस मागे फुटते आणि जाळ थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

वाल्तोने काडतुसाहून किंचित लांब मापाचा पोलादी तुकडा माझ्यात घातला. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. तो बंद झाला, तेल घातलेल्या दारासारखा.

वाल्तोने तुकडा बाहेर काढला. तो मागे वळला. "एस्को, मी सांगू की तू सांगतोस?"

एस्कोने कपातली कॉफी गवतावर ओतली.

"सौनात होता," तो म्हणाला. "माळ्यावर, डब्यात."

आमच्याकडे बोल्ट बंदुकीपासून वेगळा लपवतात. एस्कोने तो वाफेच्या न्हाणीत लपवला, कारण तिथे कुठला चोर शोधणार? बारा वर्षांपूर्वी न्हाणी जळली आणि आचेने बोल्टच्या पोलादाचे पाणी उतरले, तो निकामी झाला. एस्कोने कुठून तरी दुसरा मिळवला, कानस मारली, घरीच आकडे ठोकले. म्हाताऱ्या वडिलांनी फक्त आकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"एस्कोच्या सौनात माणसं भाजतात हे माहीत होतं, बोल्टही भाजतात होय," रांगेतला कुणीतरी पुटपुटला.

सौलिक्कीने काडतुसे एकेक करून खिशात टाकली. "मला तरी सांगायचं होतंत."

एस्को दूरच्या निशाणाकडे बघत राहिला.

तिने वाल्तोच्या बंदुकीने चारही गोळ्या नेमक्या मारल्या. हिवाळ्याआधी वाल्तोने मला मापाचा बोल्ट बसवला, जुना आकडा एका रेघेने खोडला, शेजारी ४७१७ ठोकला. सातच्या पोटात रेघ आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला परका भाग जरूर जोडा, पण त्याचा जुना आकडा घासून टाकू नका. जो उद्या ती वस्तू डोळ्यापाशी धरील, त्याला तो वाचता आला पाहिजे.

न्हाणी जळली त्या दिवशी तिच्या चुलीत जास्तीची लाकडे सौलिक्कीने भरली होती. ती सहा वर्षांची होती, आणि एस्कोने हे तिला आजवर कळू दिलेले नाही.